ग्रंथवस्तू आणि वाचकाचा हात

साहित्याच्या अभ्यासात 'संहिता' आणि 'ग्रंथ' या संज्ञा पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. कागद, टंक, बांधणी बदलली तरी कृती तीच राहते, हे त्यामागील गृहीत होय. कादंबरीच्या बाबतीत ते बहुतांशी निभावून जाते. विसाव्या शतकातील प्रयोगवादी कलावंतांनी घडविलेल्या ग्रंथांपुढे मात्र ते टिकत नाही. त्यांचा आशय शब्दांइतकाच घडीत, रंगात आणि पान हाताळण्याच्या क्रियेतही वसलेला असतो.

येथे सचित्र ग्रंथ आणि सहनिर्मित ग्रंथ यांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागेल. पॅरिसचे प्रकाशक आंब्रवाझ व्होलार यांनी १९०० साली पॉल व्हर्लेन यांचा 'पारालेलमाँ' हा काव्यसंग्रह प्येर बोनार यांच्या शिलामुद्रित चित्रांसह प्रसिद्ध केला. ग्रंथ देखणा आहे. परंतु व्हर्लेन १८९६ सालीच निवर्तले होते. ती सिद्ध कवितेला चित्रकाराने दिलेली दाद होती. १९१३ साली ब्लेझ साँद्रार आणि सोनिया दलोने यांनी ट्रान्स-सायबेरियन रेल्वेप्रवासावरील दीर्घकाव्याचा जो ग्रंथ केला, तो याहून निराळ्या जातीचा आहे. सुमारे २ मीटर लांबीच्या, घड्या घातलेल्या एकाच पट्टीवर एकीकडे रंगांचा प्रवाह आणि दुसरीकडे विविध टंकांत छापलेली कविता अशी त्याची रचना आहे. दृष्टीला दोहोंचा प्रत्यय युगपत् यावा, हा कर्त्यांचा हेतू होता. कविता वेगळी काढून छापली की शब्द उरतात. तो प्रत्यय उरत नाही.

१९२३ साली बर्लिनमध्ये छापलेल्या मायकोव्हस्की यांच्या १३ कवितांच्या पुस्तकात एल लिसित्स्की यांचा निर्देश 'ग्रंथाचे रचनाकार' असा आहे. या कविता मोठ्याने म्हणण्यासाठी निवडलेल्या होत्या. हवी ती कविता अंगठ्याने चटकन उघडता यावी म्हणून पानांच्या कडा पायरीसारख्या कापून त्यांवर खुणा छापल्या आहेत. ही योजना सजावटीची नाही. कवितेच्या सादरीकरणाचा विचार तिच्यात ग्रंथरूप झाला आहे.

वाचकाच्या सहभागाची भाषा मात्र जपूनच स्वीकारली पाहिजे. रेमों केनो यांनी १९६१ साली दहा सुनीतांची प्रत्येक ओळ सुट्या पट्टीवर छापली. पट्ट्या उलटून एकावर चौदा शून्ये इतकी सुनीते सिद्ध होतात. मिनिटाला एक या गतीने ती अखंड वाचण्यास १९ कोटींहून अधिक वर्षे लागतील. तथापि प्रत्येक ओळ केनो यांचीच आहे, यमकांची व्यवस्थाही त्यांचीच. येथे वाचक निवड करतो, निर्मिती नव्हे. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड कोस्टेलानेट्झ यांनी आरंभिलेल्या 'असेम्ब्लिंग'मध्ये प्रत्येक सहभागी आपल्या पानांच्या १००० प्रती स्वतःच छापून पाठवीत असे आणि त्या एकत्र बांधल्या जात. येथे संपादकाचा नकाराधिकारच विसर्जित झाला. दोन्ही उदाहरणांना सरसकट 'सहभागात्म' म्हटल्याने काहीच उलगडत नाही. कोणता निर्णय कोणाच्या हाती सोपविला आहे, हाच समीक्षेचा खरा प्रश्न होय.

हा प्रश्न मराठीला सर्वस्वी परका नाही. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. कोलटकर हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील आरेखनकार होते. 'शब्द'ला उपरोक्त ग्रंथांच्या पंक्तीस बसविणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु कवींनी प्रकाशकाला वळसा घालून निर्मितीची साधने स्वतःच्या हाती घेतली, ही घटना निव्वळ साहित्यबाह्य तपशील म्हणून बाजूस सारता येणार नाही. पुढील काळातील संग्रहांवरूनच त्या कवितांचा विचार करणाऱ्या प्रबंधाच्या हाती संहिता लागते. तो कृतिशील विद्रोह लागत नाही.

म्हणून अशा सामग्रीवरील संशोधनात कागद, आकार, मुद्रणपद्धती, पानांचा क्रम आणि निर्मितीतील प्रत्येकाचा वाटा यांची नोंद संहितेच्या विश्लेषणाइतकीच अनिवार्य मानली पाहिजे. ग्रंथालयांनीही मूळ प्रत काचेआड जपताना अभ्यासकासाठी हाताळण्याजोगी प्रतिकृती सिद्ध करावी. उलटण्यासाठी, उलगडण्यासाठी घडविलेला ग्रंथ एकाच पानावर उघडा ठेवून दाखविला जातो, तेव्हा तो सुरक्षित राहतो. परंतु वाचला जात नाही.