कडू, पण कोणते कडू?

बिअरविषयी मराठी माणूस मराठी माणसाला सहसा दोनच प्रश्न विचारतो. पहिला, ‘थंड आहे ना?’ आणि दुसरा, ‘स्ट्राँग की माइल्ड?’ तिसरा प्रश्न, म्हणजे ‘चव कशी आहे?’, तो सहसा विचारत नाही. आंब्याची पेटी उघडल्यावर नुसत्या वासावरून देवगड की रत्नागिरी यावर वाद घालणारा, आमटीत गूळ एका बोटाने जास्त पडला हे पहिल्या भुरक्यालाच ओळखणारा हा चोखंदळ माणूस बिअरच्या ग्लासापुढे एकाएकी मुका होतो. ‘कडू असते,’ एवढे सांगून तो मोकळा होतो. कारल्याविषयी, मेथीविषयी, पाडव्याच्या कडुनिंबाविषयी मात्र तो असा एका शब्दात कधीच बोलत नाही.

प्रस्तुत लेख या मुकेपणाविषयी आहे. निरनिराळ्या बिअर चाखून पाहाव्यात, कोणत्या पदार्थाशी कोणती जुळते याचा विचार करावा, ही कल्पना आपल्याकडे एक तर चैन समजली जाते, नाही तर पिण्यासाठी शोधलेली सभ्य सबब. मला ती मुख्यतः भाषेची बाब वाटते. ज्या वस्तूच्या चवीविषयी बोलायला आपल्याजवळ शब्द नसतात, तिच्यापासून आपल्याला फक्त परिणाम मिळतो. आणि बिअरच्या बाबतीत तो परिणाम म्हणजे नशा. चव आणि नशा यांतली चव आपण बोलण्यातून वजा केली आणि जे उरले त्यालाच ‘पिणे’ म्हणू लागलो.

हे का झाले, याची कारणे उघड आहेत. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ने सुशिक्षित मराठी मनात दारूची जी प्रतिमा रुजवली, तिच्यात चवीला जागा असणे शक्यच नव्हते. सुधाकराच्या हातातला प्याला हा सर्वनाशाचा प्रारंभ होता. त्यात काय होते आणि ते कसे लागत होते, हा प्रश्न तिथे अप्रस्तुतच ठरला असता. पुढे 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्या परंपरेत मद्यपानाचा वैयक्तिक परवाना मिळतो तो प्रकृतीच्या रक्षणासाठी. म्हणजे कायद्याला पिणाऱ्याची तब्येत समजते, त्याची जीभ समजत नाही. जाहिरातींवरील बंदीने उरलेले काम केले. बिअरचे नाव आपण सोड्याच्या बाटलीच्या आडून ऐकतो. आत काय आहे ते सांगण्याची उत्पादकाला मुभा नाही आणि विचारण्याची आपल्याला सवय नाही.

या निषेधाची थट्टा करण्याचा अधिकार मात्र आपल्यापैकी कोणालाही नाही. गडचिरोलीत 1993पासून दारूबंदी आहे, तिच्यामागे लोकांची चळवळ होती. गावोगावच्या बायकांनी ‘आडव्या बाटली’ला मते देऊन दुकाने बंद पाडली, ती घरातली भांडी आणि अंगावरचे वळ पाहूनच. तेव्हा चवीचा विचार हा त्या दुःखावरचा उतारा आहे, असा दावा मी करणार नाही. चवीने पिणारा माणूस व्यसनी होत नाही, असे तर मुळीच म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. माझे म्हणणे एवढेच की, निषेधाची भाषा आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही. जे पितात त्यांच्याशी बोलायला तिच्यापाशी ‘नको’ याखेरीज दुसरा शब्द नाही.

भाषा आली की चव कशी वाचते, याचे उदाहरण परदेशातले आहे. ब्रिटनमध्ये 1971 साली पिणाऱ्यांनीच ‘कॅमरा’ ही संघटना काढली. पिंपातच मुरणाऱ्या पारंपरिक एलची जागा कारखान्यातील एकसुरी, वायू भरलेली बिअर घेत होती, तिला त्यांचा विरोध होता. 1977 साली मायकेल जॅक्सन (हा गायक नव्हे, इंग्रज पत्रकार) याचे ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ प्रसिद्ध झाले. त्याने जगभरच्या बिअरची शैलींनुसार वर्गवारी मांडली. आपण वाङ्मयप्रकार म्हणतो तसे हे पेयप्रकार. पिल्सनर म्हणजे काय, स्टाउट म्हणजे काय, ब्रुसेल्सच्या परिसरातली, हवेतल्या किण्वांवर आंबणारी लँबिक आंबट का असते, हे त्याने समीक्षकाच्या गंभीरपणे लिहिले. बेल्जियमच्या लहानशा मद्यशाळांची कीर्ती देशाबाहेर नेण्यात त्याच्या लेखनाचा मोठा वाटा मानला जातो. 2016 साली बेल्जियमची बिअर-संस्कृती युनेस्कोच्या वारसायादीत आली. समीक्षेने कलाकृती निर्माण होत नाही हे खरे, पण ती नाहीशी होण्यापासून वाचू शकते, हेही यावरून दिसते.

आपल्याकडे असा शब्दसंग्रह नाही असे म्हणावे, तर आपल्या काव्यशास्त्राची मूळ उपमाच खाण्यापिण्याची आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावून देताना नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न चाखून आनंद पावणाऱ्या माणसाचा दृष्टान्त येतो. मम्मटाने तर रसास्वादाला पानकरसाची उपमा दिली. गूळ, मिरी इत्यादी पदार्थ एकत्र आल्यावर पानकाला जी चव येते, ती कोणत्याही एका घटकात आधी नसते. काव्यातील रसाचेही तसेच. वर्गात हे शिकवताना आम्ही घाईने काव्याकडे जातो, पेय मागेच राहते. ‘आस्वाद’ हा शब्द जिभेवरून उचलून आपण समीक्षेत नेला आणि जिभेला तो परत करायचे विसरून गेलो.

पानकरसाचे याहून नेमके उदाहरण बिअरखेरीज मला आढळलेले नाही. मोड आणून वाळवलेले, कमीअधिक भाजलेले जव, हॉप्सच्या वेलीची फुले, किण्व म्हणजे यीस्ट आणि पाणी, एवढ्या सामग्रीत सारा खेळ. 1516च्या बव्हेरियाच्या प्रसिद्ध आदेशात तर पाणी, जव आणि हॉप्स एवढीच नावे आहेत. यीस्टचे कार्य तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते. त्याच बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवाइझनला, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिच्यात केळेही नसते, लवंगही नसते. ती सारी यीस्टची करणी. प्लझेन शहरात 1842 साली योझेफ ग्रोल याने फिकट मॉल्ट, तिथले मृदू पाणी आणि झाटेक भागातले हॉप्स यांतून जी सोनेरी बिअर सिद्ध केली, तीच पिल्सनर. आज आपल्या बाजारात ‘बिअर’ म्हणून जे मिळते, त्यातले बहुतेक या एका शैलीचे दूरचे आणि बरेचसे पातळ झालेले वंशज आहेत.

पुण्यात 2009पासून स्थानिक मद्यशाळांच्या ताज्या बिअर मिळू लागल्या, तेव्हापासून हा विषय आपल्यापुरता पुस्तकी राहिलेला नाही. मित्राच्या घरी आम्ही चौघांनी एका रविवारी साधा प्रयोग केला. लहान ग्लास, प्रत्येकात चार घोटांपुरतीच बिअर, आणि बाहेरून काही न मागवता घरचेच जेवण. बाटल्या शीतकपाटातून काढून काही वेळ बाहेर ठेवल्या. अतिथंड बिअरला चव नसते. थंडी जिभेला बधिर करते आणि वास दाबून टाकते. ‘थंड आहे ना?’ हा आपला पहिला प्रश्न चवीच्या मुळावर येणारा आहे, हे तेव्हा ध्यानात आले.

पिल्सनरबरोबर तळलेले बोंबील होते. बिअरमधला वायू आणि स्वच्छ कडवटपणा दोन्ही मिळून जिभेवरचे तेल पुसून काढत होते. पुढचा घास पहिल्यासारखाच लागत होता. हेफेवाइझन नारळाच्या रसातल्या कोळंबीपाशी ठेवली. तिचा लवंगी वास आणि नारळाचा गोडवा एकमेकांना जुन्या ओळखीचे निघाले. तिसरी जोडी मात्र साफ फसली. हॉप्सने भरलेली आयपीए आम्ही तांबड्या रश्श्याबरोबर घेतली. मसालेदार जेवणाला आयपीए हवी, असे पुष्कळ ठिकाणी वाचले होते. प्रत्यक्षात कडूने तिखटाला आवरले नाही, भडकवले. दोन घोटांत कपाळावर घाम आला आणि चव कसलीच उरली नाही. त्याच रश्श्याबरोबर गडद, किंचित गोडसर म्युनिक डुंकेल घेतली तेव्हा सारे जागेवर आले. तिखटाला गोडवा लागतो हे आपल्या आमटीतल्या गुळाने आपल्याला केव्हाच शिकवलेले आहे. शिवाय वाटणातले भाजलेले खोबरे, भाजलेला कांदा आणि भाजलेले जव हे एकाच आगीचे नातेवाईक.

शेवटी स्टाउट उरली आणि ताटात पुरणपोळी. त्या दोन गोष्टी शेजारी ठेवताना हात किंचित अडखळला, हे कबूल केले पाहिजे. पुरणपोळीभोवती सणावाराचे सोवळे आहे आणि बाटलीभोवती लज्जा. तरी घोट घेतला. स्टाउटचा कॉफीसारखा, कोळपलेला कडवटपणा गुळाच्या आणि जायफळाच्या गोडीखाली असा काही बसला की चौघेही क्षणभर बोललो नाही. मग एक जण म्हणाला, “खरपूस.” त्या संध्याकाळी बिअरविषयी उच्चारलेला तो पहिला मराठी शब्द होता. तोवर आम्ही चौघे मराठीचे पदवीधर इंग्रजीतूनच बोलत होतो!

मग शब्दांची रांगच लागली. पातळ लागर म्हणजे पाणचट. उन्हात ट्रकमधून हिंडून शिळी झालेली, ओल्या पुठ्ठ्याचा वास येणारी बाटली म्हणजे कुबट. लँबिक आंबूस, स्टाउट खरपूस आणि बिघडली तर करपट, डुंकेल खमंग. कडूच्याच कडसर, कडवट, कडूजहर अशा पायऱ्या. एक गोष्ट जाणवली. आपल्या भाषेत दोषांना जितकी नावे आहेत तितकी गुणांना नाहीत; ‘-ट’ लावला की निंदा तयार. पण तीही चोखंदळ जिभेचीच खूण आहे. परक्या पेयासाठी परके शब्द शोधत बसण्यापेक्षा स्वयंपाकघरातले हे शब्द पुढच्या खोलीत आणणे सोपे आहे.

एक आक्षेप उरतो. हे सारे ज्यांच्या खिशाला परवडते त्यांचे खेळ, असे कोणी म्हणेल. बिअरपुरता तो आक्षेप खरा आहे. पण चवीने पिण्याची रीत सुशिक्षितांनी युरोपातून आणली, हे मात्र खरे नाही. कोकणात माडी काढणाऱ्याला सकाळची गोड आणि संध्याकाळची आंबट यांतला फरक कोणत्या पुस्तकातून शिकावा लागला नाही. गोव्यात उन्हाळ्यात पहिल्या धारेचा हुर्राक आणि नंतरची फेणी यांत कोणी गल्लत करत नाही. त्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. चवीची भाषा हरवली ती आपल्याच थराची. चोरून पिणाऱ्याला चव घ्यायला वेळ नसतो. त्याला ग्लास लवकर रिकामा करायचा असतो.

जो पीत नाही त्याने प्यावे, असे या लेखात कोठेही सुचवलेले नाही. जो पितो त्याच्याकडे मात्र एक मागणे आहे. पुढच्या वेळी स्ट्राँग की माइल्ड हे विचारण्याआधी ग्लास थोडा कोमट होऊ द्यावा, वास घ्यावा, ताटात काय आहे ते पाहावे, आणि एक घोट घेऊन शेजारच्याला मराठीत सांगावे की हे कडू नेमके कोणते कडू आहे. सांगता आले नाही, तर दुसरा घोट घेण्याची घाई कशाला?