भिंतीची सोय

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या घरात वर्षातून एकदा चित्र येऊ लागलं. पुढे चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजी-आजोबांनी पदरचे पैसे मोडून घेतलेलं पहिलं चित्र म्हणजे दिवाळी अंकाचं मुखपृष्ठच असणार. ते कापून, पुठ्ठ्यावर डकवून खिळ्याला अडकवणारी घरं रत्नागिरीत काही कमी नव्हती.

आमच्या या वर्षीच्या दिवाळी अंकातली सगळी रेखाटनं जिल्ह्यातल्या कला महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींकडून घेतली आहेत. त्यातली काही तुम्हाला आवडणार नाहीत. दोन आम्हालाही आवडली नाहीत, तरी छापली आहेत. पण कागदावर वीतभर आकारात छापलेलं चित्र आणि समोर टांगलेलं चित्र यांत फार अंतर आहे. रंगाचा थर, लाकडातला छिन्नीचा घाव, चार पावलं मागे गेल्यावर जुळून येणारी आकृती, हे काही अंकात येत नाही. त्यासाठी भिंत लागते, आणि भिंत मिळणं हाच या मुलांचा खरा प्रश्न आहे.

सावर्ड्याचं सह्याद्री कला महाविद्यालय आणि देवरुखचं डी-कॅड हे कला महाविद्यालय, अशा दोन संस्था या एका जिल्ह्यात आहेत. मुंबई-पुण्याबाहेरच्या जिल्ह्याला ही श्रीमंतीच म्हणायची. तिथे मुलं येतात ती बहुधा एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन. आईवडिलांना या परीक्षा ठाऊक असतात त्या दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांमुळे. त्यापुढे चित्रकलेचं काय करायचं, हे घरात कोणी सांगू शकत नाही. पूर्वी निदान एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका करून हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होण्याची वाट होती. आता शाळांत अंशकालीन निदेशक मानधनावर नेमतात, आणि त्या मानधनात कॅनव्हाससुद्धा परवडत नाही. मग कोणी मुंबईला स्टुडिओत संगणकासमोर बसतं, कोणी भाद्रपदाआधी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतं. हात चालू राहतो, ही जमेची बाजू. स्वतःचं काम मात्र पलंगाखाली गुंडाळून पडतं आणि एका पावसाळ्यात त्याला बुरशी लागते.

एकट्याने प्रदर्शन करायचं तर हॉलचं भाडं, फ्रेमा, टेम्पो, निमंत्रणपत्रिका हे सगळं एकाच्या अंगावर येतं. म्हणून पाचसहा जण एकत्र येतात. कलासमीक्षक अशा गटांत समान भूमिका शोधत बसतात. बऱ्याचदा ती समान अडचण असते. जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हे चित्रकारांच्या गप्पांत कायम ऐकू येतं. बावीस वर्षांच्या मुलीने तोवर काय करायचं?

१९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला तेव्हा जहांगीर नव्हतंच. ते १९५२ साली उघडलं. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी १९४९ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या रॅम्पार्ट रोवरच्या दालनात एकत्र प्रदर्शन मांडलं. सूझाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेलं, आरा कधी कलाशाळेत गेलेलेच नव्हते, हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवून आलेले. एकाचं काम दुसऱ्यासारखं नव्हतं. प्रदर्शनानंतर थोड्याच काळात सूझा, रझा आणि बाकरे परदेशी निघून गेले. गट फार टिकला नाही, आणि टिकायला हवा होता असंही नाही. एकाच दालनात शेजारी शेजारी टांगलं गेल्यावर आपलं काम कुठे उणं पडतं ते कळतं. वर्गात मास्तर गुण देतात तेव्हा ते कळत नाही.

यातल्या सदानंद बाकऱ्यांची गोष्ट आपल्या जिल्ह्याने विसरू नये. जे. जे.त शिकलेला, गटातला एकमेव शिल्पकार. १९५१ साली लंडनला गेलेला हा माणूस १९७५ साली परतला तो दापोली तालुक्यात, मुरुड-हर्णैला. २००७ साली गेला तोही तिथेच. तीस वर्षांहून अधिक काळ आधुनिक भारतीय कलेचा एक संस्थापक आपल्या किनाऱ्यावर राहत होता. जुन्या सोबत्यांची चित्रं लिलावात कोट्यवधींना जाऊ लागली, तेव्हाही तो इथेच होता. मुरुड म्हटलं की आम्हाला धोंडो केशव कर्वे आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण बाकरे आठवत नाहीत. जिल्ह्यात त्यांचं काम समोर उभं राहून पाहता आलं असतं, तर कदाचित आठवले असते.

रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलच्या संगीत महोत्सवाला याच गावातली माणसं थंडीत शाली पांघरून बसतात. म्हणजे रसिक नाहीत असं रडगाणं गाण्यात अर्थ नाही. दालन नसल्याचं रडगाणंही फार गाऊ नये. १९८८ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या डेमियन हर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने गोदी भागातली बंदर खात्याची रिकामी इमारत मिळवली. भिंती साफ करून, रंगवून, प्रायोजक गाठून वर्गमित्रांचं ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवलं. छापील कॅटलॉगही काढला. हर्स्टची पुढची सगळी कला आम्हाला पटते असं नाही. इमारत शोधण्याची अक्कल मात्र पटते.

आपल्याकडे रिकाम्या इमारती थोड्या आहेत का? आंबा पॅकिंगच्या शेडी जूनपासून मार्चपर्यंत ओस असतात. जांभ्याच्या भिंती, उंच छप्पर, टेम्पो दारापर्यंत येतो. पावसाळ्यात तिथे कागद ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. पण दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि पेट्या भरायला अजून अवकाश असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ जणू चित्रांसाठीच राखून ठेवल्यासारखा आहे. गावाकडे येणाऱ्या मुंबईकरांनाही बीचवर जाऊन झाल्यावर दुपारचं करायला काही नसतं.

मुलांसाठीही एक सांगणं आहे. गणपतीपुळ्याच्या हॉटेलांना होड्या, जेटी आणि कौलारू घर हवं असतं. ते जरूर रंगवा, त्यात पाप नाही, फ्रेमेचा खर्च निघतो. मात्र प्रदर्शनात तेच टांगू नका. कशेळीचा कातळशिल्पातला हत्ती तर आता थोडे दिवस राहू द्या. या अंकासाठी आलेल्या कामांत तो इतक्या वेळा आला की संपादक मंडळ धास्तावलं. त्याउलट एका मुलीने वाडीतल्या बंद घरांच्या दारांवरची कुलपं रेखाटली आहेत, फक्त कुलपं. एक गंजलेलं, एक नवंकोरं, एकाला दोरी. चाकरमान्यांच्या गावाबद्दल इतकं नेमकं आम्ही या वर्षी दुसरं काही वाचलंही नाही. ती रेखाटनं मधल्या पानांवर आहेत.

वाचकांनी किंमत विचारायला लाजू नये. हापूसच्या पहिल्या पेटीला आपण जो भाव मोजतो, तेवढ्यात लहान आकाराचं मूळ चित्र मिळू शकतं. एवढंच करा, ‘ओळखीतलं आहे, फुकट द्या’ म्हणू नका.

आणि बागायतदार वाचकांपैकी कोणाची शेड जानेवारीत पंधरा दिवस मोकळी असेल, तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. झाडलोट मुलं करतील, विजेचं बिल आम्ही भरू. आंब्याच्या पेट्या भरायला लागल्यावर तगादा लावणार नाही, एवढा शब्द देतो.