मुलांची गाडी कशावर चालते, एकदा विचारा

सुरतेच्या भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यात सकाळी सातच्या सुमारास रात्रपाळी सुटते, आणि त्याच वेळी शाळेच्या व्हॅन, रिक्षा आणि बस रस्त्यावर येतात. खानदेशातून इथे येऊन लूमवर आणि मिलमध्ये राबणारे आपण लोक पोटाला चिमटा काढून मुलांच्या गाडीचं भाडं भरतो. गाडी ठरवताना भाडं किती, किती वाजता येणार, दारापासून नेणार की नाक्यावरून, हे सगळं विचारतो. गाडी कशावर चालते, हे मात्र विचारत नाही. या वर्षी ते विचारा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

आधी डिझेलचं बोलू. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच दिला. आपल्या भागात मिलच्या चिमण्यांचा धूर आहेच. त्यात शाळेच्या फाटकापाशी जुन्या बस इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात आणि मुलं त्यांच्या मागून चालत जातात. मोठ्या माणसापेक्षा मुलाचा श्वास जलद असतो आणि त्याचं नाक धुराच्या नळीच्या अधिक जवळ असतं. १ एप्रिल २०२० नंतर आलेल्या बीएस-६ डिझेल बसमध्ये धुराची काजळी अडवणारी जाळी असते, म्हणून त्यांची घाई नाही. त्याआधीच्या बस मात्र शाळेने सर्वांत आधी बदलाव्यात.

बदलून काय घ्यावं? अमेरिकेत हजारो पिवळ्या शाळा-बस प्रोपेनवर धावतात. तिथल्या सरकारने २०२१च्या कायद्यात शाळांच्या स्वच्छ बससाठी पाच वर्षांचे ५ अब्ज डॉलर ठेवले, आणि विजेच्या बसबरोबर प्रोपेन व सीएनजीच्या बसनाही त्यात जागा दिली. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये हाच प्रोपेन ब्युटेनबरोबर असतो आणि गाडीसाठी तो ऑटो एलपीजी म्हणून वेगळ्या पंपावर मिळतो. पण सुरतेला प्रोपेनच्या मागे जायची गरज नाही. नैसर्गिक वायू हजिऱ्याला उतरतो, घरोघरी पाइपने येतो आणि सीएनजीचे पंप हाताशी आहेत. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये शहराच्या सगळ्या बस सीएनजीवर आणायला सांगितलं तेव्हा मोठी ओरड झाली होती, पण ते काम झालं. सीएनजीही पूर्ण निर्मळ नाही, आणि महापालिकेच्या विजेच्या बस आपण रोज बघतो. शाळेला तशी बस परवडत असेल तर तीच घ्यावी. परवडत नसेल तर सीएनजी घ्यावी, पण विजेच्या बसची वाट बघत जुन्या डिझेलवर थांबून राहू नये.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त छळते ती सांगतो. गाडी गॅसवर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. कंपनीने बसवलेली किंवा आरटीओकडे नोंदलेली टाकी वेगळी, आणि सीटखाली लपवलेला घरचा लाल बाटला वेगळा. ऑटो एलपीजीच्या टाकीत ऐंशी टक्के भरलं की वाल्व आपोआप बंद होतो, म्हणजे उन्हात गॅस फुगायला जागा उरते. घरच्या बाटल्याला अशी सोय नाही. तो गाडीत वापरणं गुन्हा आहे. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की वर उडून जात नाही, मुलांच्या पायाशी साठतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सीएनजी हलका, तो वर निघून जातो. पण टाकीत त्याचा दाब दोनशे बारपर्यंत असतो. मिलमध्ये बॉयलरचा तपासणीचा दाखला नसेल तर तुम्ही त्याच्याजवळ उभे राहाल का? सीएनजीच्या टाकीचं तसंच आहे. दर तीन वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट व्हावी लागते आणि तारीख पट्टीवर कोरलेली असते. ती वाचायला मोबाइलचा टॉर्च पुरतो.

आरसी बुकवर इंधनाच्या जागी सीएनजी किंवा एलपीजी लिहिलंय का, तेही बघा. टाकीवर फळी टाकून जादा मुलं बसवत असतील तर त्याच दिवशी हरकत घ्या. पंपावर गॅस भरताना एकही मूल गाडीत असता कामा नये. उशीर होतो म्हणून काही जण मुलांना बसवूनच रांगेत उभे राहतात, ते थांबायलाच हवं. आणि मुलांना घरीच शिकवून ठेवा: गाडीत गॅसचा वास आला की लाजायचं नाही, ओरडून गाडी चालवणाऱ्या काकांना सांगायचं. काकांनी गाडी मोकळ्या जागी थांबवून इंजिन बंद करायचं, सगळ्यांना उतरवून लांब न्यायचं आणि कोणताही स्विच दाबायचा नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लोंगोवालला शाळेची जुनी व्हॅन पेटली आणि चार मुलं गेली. अशा मोडकळीला आलेल्या गाड्या फक्त पंजाबात आहेत असं समजू नका.

व्हॅनवाल्या काकांशी मात्र भांडायला जाऊ नका. तेही आपल्यासारखेच हप्ते फेडणारे आहेत. टाकीच्या टेस्टचा खर्च एकट्या काकांवर पडला तर ते ती पुढे ढकलतात. त्या गाडीतल्या सगळ्या पालकांनी मिळून तो वाटून घेतला तर एका घराला फार जड जात नाही. भाड्यात शंभर रुपये कमी करा म्हणून घासाघीस करण्यापेक्षा ते पैसे इथे लावा.

येत्या वाली-मीटिंगमध्ये दोन-तीन जणांनी मिळून उभं राहा. शाळेच्या प्रत्येक गाडीचं इंधन, बसची बीएस श्रेणी आणि टाकीच्या टेस्टची तारीख शाळेने फलकावर लावावी अशी मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. कुणी गाडीचे कागद दाखवत नसेल तर नंबर लिहून मुख्याध्यापकांकडे द्या, आणि तिथेही कुणी ऐकलं नाही तर तोच कागद आरटीओत नेऊन द्या. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी हे झालं तर गाडी बदलायला हाताशी वेळ राहील.