लुआंग्वाचे पाणघोडे विक्रीला काढू नका

पाणघोड्याच्या शिकारीची सहल ठरवणे आजही फारसे कठीण नाही. झांबिया, टांझानिया, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका अशा देशांत ही शिकार कायदेशीर आहे. शिकार कंपनी गाठायची, मुक्कामाचे दिवसागणिक पैसे भरायचे आणि मारलेल्या जनावराचे शुल्क वेगळे मोजायचे. सोबतीला परवानाधारक व्यावसायिक शिकारी असतो. सुळे किंवा मुंडके घरी न्यायचे तर ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराखालचा परवाना काढावा लागतो, कारण 1995 पासून पाणघोडा त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. एवढे सोपस्कार उरकले की ज्याच्या खिशात पैसा आहे असा कोणीही परदेशी माणूस बंदूक घेऊन नदीकाठी उभा राहू शकतो.

तिथे पुढे काय होते, ते जवळून पाहायला हवे.

पाणघोड्याची कातडी उन्हात वाळते, म्हणून दिवसभर तो पाण्यात बसून असतो. वर दिसतात ते फक्त कान, डोळे आणि नाकपुड्या. शिकारी काठावर बंदूक टेकवून बसतो आणि जनावर तोंड फिरवेपर्यंत वाट पाहतो. नेम मेंदूवर धरायचा असतो आणि निशाण काही बोटांचे असते. गोळी बरोबर लागली तर दीड-दोन टनांचे धूड मुकाट्याने तळाला जाते. मग पुन्हा वाट पाहायची. पोटात वायू धरून कलेवर वर यायला तास-दीड तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर जनावर मेले की जखमी होऊन गढूळ पाण्यात दडले, हे काठावरून खात्रीने सांगता येत नाही. कलेवर तरंगले की मगरींच्या त्याच पाण्यात दोर घेऊन उतरतात ती स्थानिक माणसे.

शिवाय नुसते डोके पाहून नर आणि मादी ओळखायला सराईत नजर लागते आणि सराईत नजरही चुकते. पाणघोड्याची मादी आठ महिने गर्भ वाहते आणि एका वेळी साधारणपणे एकच पिल्लू देते. तिला गोळी लागली तर ते पिल्लूही वाचण्याची आशा नसते. बचावाची फारशी संधी नसलेल्या, डोहात बसलेल्या जनावराला काठावरून टिपण्यात मर्दुमकी कसली?

तरीही ही शिकार केवळ हौस म्हणून विकली गेली असती, तर वाद निदान सरळ राहिला असता. झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात तिला संख्यानियंत्रणाचे नाव देण्यात आले. लुआंग्वा ही झांबेझीची उपनदी आणि पाणघोड्यांच्या जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक वस्ती तिच्या काठी आहे. 2016 मध्ये तिथे पाच वर्षांत 2000 पर्यंत पाणघोडे मारण्याची योजना जाहीर झाली. पाणघोडे फार झाले आहेत आणि त्यांच्या दाटीने अँथ्रॅक्स पसरण्याचा धोका आहे, अशी कारणे देण्यात आली. अँथ्रॅक्स म्हणजे महाराष्ट्रातले पशुपालक ज्याला फाशी किंवा काळपुळी म्हणतात तो रोग. जगभरातून ओरड झाल्यावर योजना थांबली. 2018 मध्ये ती पुन्हा पुढे आली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील एक शिकार कंपनी हौशी शिकाऱ्यांना त्यासाठी जाहिरात करून बोलावत होती. एका फेरीत एकाहून अधिक पाणघोडे मारण्याची मुभा हेच त्या जाहिरातीतले आकर्षण होते.

रोगाचे कारण पोकळ नाही. 1987 मध्ये याच खोऱ्यात अँथ्रॅक्सने 4000 हून अधिक पाणघोडे मेले. 2011 मध्ये चामा जिल्ह्यात मेलेल्या पाणघोड्यांचे मांस गावकऱ्यांनी खाल्ले आणि 500 हून अधिक माणसांना लागण झाल्याचा संशय नोंदवला गेला. पण या रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. काही पाणघोडे मारल्याने ते मातीतून जात नाहीत. चामातल्या गावांना हवी आहे मेलेल्या जनावरांची तातडीने विल्हेवाट, गुरांचे लसीकरण, जवळचा दवाखाना आणि त्या मांसाकडे वळावे लागू नये इतपत पोटाला अन्न. परदेशी शिकाऱ्याच्या गोळीने यातले काहीच साधत नाही.

संख्येचेही नीट पाहावे. लुआंग्वात पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पडतो. त्यानंतर नदी आटत जाते आणि ऑक्टोबरपर्यंत पात्रात मोजके डोह उरतात. लांबवर पसरलेले कळप त्या डोहांत एकमेकांना खेटून बसतात. शिकारीचा हंगामही तोच असतो. कोरड्या ऋतूतली ही गर्दी पाहून कोणालाही पाणघोडे अतोनात वाढले आहेत असे वाटेल. पण त्यांची संख्या ठरते ती काठच्या गवतावर. एक पाणघोडा रात्रीत सुमारे 40 किलो गवत खातो. दुष्काळात गवत सरले की संख्या आपोआप उतरते. याच खोऱ्यातल्या आधीच्या संख्यानियंत्रणावर 2013 च्या सुमारास झालेल्या अभ्यासाने वेगळाच निष्कर्ष काढला: नर मारल्याने उरलेल्या माद्यांना चारा आणि जागा जास्त मिळते आणि जन्मदर वाढतो. म्हणजे ज्या उपायाने संख्या घटायची, त्यानेच ती भरून निघते. दरवर्षी गिऱ्हाईक आणणाऱ्या कंपनीला ते सोयीचे असेल, पण खोऱ्याच्या व्यवस्थापनाचे धोरण त्यावर बेतता येत नाही.

या वादात काठावरच्या गावांचा आवाज सहसा दाबला जातो आणि तो दाबण्यात प्राणीप्रेमीही मागे नसतात. रात्री पाण्याबाहेर पडलेला पाणघोडा मक्याच्या शेतात शिरला की वर्षाचे धान्य एका रात्रीत तुडवले जाते. होडीतून मासे धरणाऱ्याला तो रोजचा धोका आहे. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये नायजरची राजधानी नियामेजवळ एका पाणघोड्याने शाळकरी मुलांची होडी उलटवली आणि 12 मुले मेली. पुण्या-मुंबईत बसून या माणसांना सहजीवनाचे धडे देण्याचा हक्क कोणालाच नाही. गावाच्या जिवावर उठलेले एखादे जनावर मारावेच लागते आणि ते मारलेही पाहिजे. मात्र ते काम वन्यजीव खात्याच्या रक्षकांनी करावे, नेमके तेच जनावर शोधून करावे आणि तपासलेले मांस गावाला द्यावे. 2024 च्या भीषण दुष्काळात नामिबियाने 723 वन्यप्राणी मारून मांस उपाशी लोकांना वाटण्याचे ठरवले. त्यात 30 पाणघोडे होते. या निर्णयावरही टीका झाली, पण तिथे निदान भूक हे कारण उघडपणे सांगितलेले होते.

शिकारीच्या बाजूने बोलणारे पैशाचा मुद्दा मांडतात, तो झटकून टाकण्यासारखा नाही. राष्ट्रीय उद्यानांना लागून असलेल्या शिकार-क्षेत्रांतून गावांना वाटा मिळतो आणि पर्यटक जिथे फिरकत नाहीत अशा जंगलात दुसरे उत्पन्न नसते. पण लुआंग्वाची गोष्ट तशी नाही. 1950 मध्ये नॉर्मन कार या वन्यजीव अधिकाऱ्याने इथल्याच न्सेफू या प्रमुखाला समजावले की, पाहुण्यांनी जनावरे न मारता नुसती पाहिली तरी पैसा येईल, आणि तो गावाचा असेल. काही झोपड्यांची छावणी उभी राहिली. पुढे याच खोऱ्यात नॉर्मन कारने पायी सफारीची पद्धत रुजवली. आज जगभरातून लोक त्यासाठी दक्षिण लुआंग्वात येतात. हा मार्ग ज्या खोऱ्याने दाखवला, त्याच खोऱ्यातले पाणघोडे गोळीच्या हिशेबाने विकायला काढणे ही मोठी चूक आहे.

आणि मागणी फक्त हौशी शिकाऱ्यांची नाही. 1989 मध्ये हत्तीच्या सुळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी येताच व्यापाऱ्यांची नजर पाणघोड्याच्या दातांवर गेली. काँगोच्या विरुंगा उद्यानात सत्तरच्या दशकात सुमारे 29000 पाणघोडे होते. यादवी आणि चोरट्या शिकारीनंतर, 2005 च्या सुमारास, हजारही उरले नव्हते. त्याच दशकात, 2006 मध्ये, पाणघोडा जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ ठरला. 2022 मध्ये पनामातल्या साइटीस परिषदेत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या काही देशांनी त्याला पहिल्या परिशिष्टाचे कडक संरक्षण मागितले. ते मिळाले नाही. बेल्जियमने मात्र 2024 मध्ये कायदा करून पाणघोड्यासह अनेक संरक्षित प्राण्यांच्या ट्रॉफी देशात आणायला बंदी घातली. जिथून शिकारी येतात त्या प्रत्येक देशाने हेच करायला हवे.

मराठी पर्यटकांचा आफ्रिकेशी परिचय बहुधा केनियातून होतो आणि केनियाने शिकारीला 1977 पासून बंदी घातलेली आहे. मसाई मारात गेलेल्याने मारा नदीच्या वळणावर पाणघोडे पाहिलेलेच असतात. त्या नदीतले सुमारे 4000 पाणघोडे रोज 36 टन शेण पाण्यात टाकतात, असा संशोधकांचा हिशेब आहे. रात्री गवताळ रानातले पोषण पोटात घालून दिवसा नदीला आणून देणारे दुसरे एवढे मोठे जनावर तिथे नाही. त्या शेणावर किडे वाढतात, किड्यांवर मासे आणि माशांवर काठची माणसे जगतात.

ज्यांना केनियाच्या पुढे जायचे आहे, त्यांनी लुआंग्वा जरूर निवडावे. जून ते ऑक्टोबर हा काळ धरावा, सशस्त्र रक्षकासोबतची पायी सफारी घ्यावी आणि गावाला वाटा देणारी छावणी शोधावी. आरक्षण करण्याआधी सहल कंपनीला एक प्रश्न नक्की विचारावा: तुमची कंपनी किंवा तिची भागीदार कंपनी शिकारीच्याही सहली नेते का? उत्तर ‘हो’ आले, तर पैसे दुसरीकडे भरावेत.