टार्गेट किती जण गाठतात?

जून-जुलै हा आपल्या क्षेत्रात नव्या भरतीचा हंगाम. इंजिनिअरिंग, बीबीए, बीएस्सी झालेली मुलं-मुली दोन-तीन ऑफर लेटर घेऊन ओळखीच्या सेल्सवाल्याला गाठतात आणि विचारतात, ‘दादा, यातली कुठली कंपनी घेऊ?’ आपल्यापैकी बहुतेक जण पॅकेजचा आकडा बघतात, कंपनीचं नाव कधी कानावर आलंय का ते आठवतात आणि एका ऑफरवर बोट ठेवतात. हा सल्ला अपुरा आहे आणि त्याची किंमत त्या मुलाला पहिल्या वर्षातच मोजावी लागते.

पॅकेजचंच घ्या. १२ लाखांच्या ऑफरमध्ये निम्मी रक्कम व्हेरिएबल असणं आपल्याला नवं नाही. म्हणजे खात्रीचे सहा लाख. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असेल, तर महिन्याला हातात पन्नास हजारही पडत नाहीत. उरलेले सहा लाख टार्गेटवर अवलंबून, आणि त्यांच्या अटी वेगळ्या कागदावर. सत्तर टक्क्यांच्या खाली इन्सेंटिव्ह शून्य, ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावरच कमिशन, ग्राहक ठरावीक मुदतीत सोडून गेला तर दिलेलं कमिशन परत. यातली प्रत्येक अट अन्यायाचीच असते असं नाही, पण सही करण्याआधी ती वाचायला मिळाली पाहिजे. समजा, दोन कंपन्यांत निम्मा पगार व्हेरिएबल आहे. एकीत दहापैकी सात जण टार्गेट गाठतात, दुसरीत दोघेच. मग पहिलीतले १० लाख दुसरीतल्या १२ लाखांपेक्षा बहुधा जास्तच भरतात. म्हणून नवख्याने मुलाखतीत पहिला प्रश्न विचारावा तो हा: गेल्या चार तिमाहींत तुमच्या टीममधल्या किती जणांनी टार्गेट पूर्ण केलं? आकडा सांगायला टाळाटाळ झाली, तर तेही उत्तरच समजावं.

दुसरी गोष्ट मॅनेजरची. पहिल्या दोन वर्षांत आपण जे शिकतो ते कंपनीच्या नावातून नव्हे, शेजारी बसून आपले कॉल ऐकणाऱ्या माणसाकडून. त्याने स्वतः सौदे केलेत का? आठवड्यातून किती कॉल तो ऐकतो? उमेदवाराने एक तास चालू कामाशेजारी बसू द्या अशी विनंती करावी. तिथे सगळं दिसतं: समोरच्याने ‘आत्ता बजेट नाही’ म्हटल्यावर फोन ठेवला जातो की पुढचा प्रश्न विचारला जातो, कॉलनंतर नोंद होते का, यादीतले नंबर कुठून आलेत. विकत घेतलेल्या याद्यांवर दिवसभर फोन फिरवायला लावणारी कंपनी नवख्याला विक्री शिकवत नाही. शिवाय व्यावसायिक कॉलसाठी ट्रायचे २०१८चे नियम आहेत आणि वैयक्तिक माहितीसाठी २०२३चा कायदा. ते धाब्यावर बसवण्याची सवय पहिल्याच नोकरीत लागू नये.

उत्पादनाबद्दल माझं मत ठाम आहे. पहिली नोकरी छोट्या सौद्यांची असावी. पुण्यातून उभ्या राहिलेल्या आयसर्टिसचं करार सांभाळणारं सॉफ्टवेअर बड्या उद्योगांना विकलं जातं. अशा सौद्यात कायदा विभाग, खरेदी विभाग, आयटी सगळे येतात, कित्येक महिने जातात आणि नवख्याच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो. चेन्नईत २०१०मध्ये सुरू झालेल्या फ्रेशडेस्कसारखं उत्पादन सुरुवातीला छोट्या व्यवसायांना विकलं गेलं. तिथे पहिल्या फोनपासून पैसे जमा होईपर्यंतचा अख्खा प्रवास एकाच माणसाला थोडक्या दिवसांत बघता येतो. असे पंधरा-वीस सौदे स्वतः केलेल्या मुलाला मोठे सौदे नंतर समजतात. डीलरमार्फत होणाऱ्या विक्रीलाही नाकं मुरडू नयेत. पुण्याची क्विक हील दुकानदारांच्या जाळ्यातूनच वाढली. सांगली-नाशिकच्या कॉम्प्युटर दुकानात स्टॉक आणि वसुली सांभाळलेला मुलगा कुठेही उभा राहतो.

आणि नवख्याने कंपनीचा पहिलाच सेल्समन होऊ नये. संस्थापक कितीही हुशार असला, तरी तिथे शिकवायला कुणी नसतं.

शिफ्टबद्दल स्पष्ट विचारावं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि तिकडची घड्याळं नोव्हेंबरमध्ये मागे गेली की साडेसात. पश्चिम किनाऱ्यासाठी साडेनऊ किंवा साडेदहा. हिंजवडीत फ्लॅट भाड्याने घेण्याआधी हे माहीत हवं, मुलींच्या घरच्यांना तर नक्कीच.

कंपनी खरोखर किती माणसं पोसते हे ईपीएफओच्या संकेतस्थळावर पाहता येतं. आस्थापनेचं नाव टाकलं की दर महिन्याचा भरणा आणि कर्मचाऱ्यांची संख्या दिसते. भरणा उशिरा होत असेल किंवा संख्या सहा महिन्यांत निम्म्यावर आली असेल, तर कारण विचारावं. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाऊ नये ही अट १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७पुढे सहसा टिकत नाही, तिला घाबरू नये. बॉण्डची गोष्ट वेगळी. सरकारी बँकेच्या एका प्रकरणात दोन लाखांच्या बॉण्डची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये ग्राह्य धरली. त्यामुळे बॉण्डवर सही करताना रक्कम आणि मुदत दोन्ही वाचा.

मात्र ही सगळी चौकशी बावीस वर्षांच्या मुलावरच का टाकायची? टार्गेटचा आकडा तुमच्या डॅशबोर्डवर रोज सकाळी दिसतो. सेल्स हेड असाल तर तो उमेदवाराला मुलाखतीतच सांगा, आणि इन्सेंटिव्हच्या अटी ऑफर लेटरसोबतच द्या, रुजू झाल्यावर नकोत. ज्यांची टीम गेल्या वर्षी टार्गेटला पोहोचली नाही, त्यांनीही सांगावं. कारण कळलं तर चांगली मुलं तरीही येतात. न सांगता घेतलेली मुलं वर्षाच्या आत सोडून जातात, आणि त्यांच्या जागी नवी भरती तुम्हालाच करावी लागते.

पुढच्या अंकापासून या मासिकातल्या नोकरीच्या जाहिरातींत फिक्स्ड पगार, व्हेरिएबल आणि टार्गेट गाठणाऱ्यांचं प्रमाण असे तीन रकाने असतील. जाहिरातदारांनी ते भरून पाठवावेत.