नांगरटीला ट्रॅक्टर, काढणीला विळाच?



नांगरट ट्रॅक्टरने होते. पाळी ट्रॅक्टरने होते, पेरणीही बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरनेच होते. मात्र ज्वारी पिकली की तोच ट्रॅक्टर बाभळीखाली उभा राहतो आणि बाया विळे घेऊन वावरात उतरतात. बसून करायच्या कामाला यंत्र आले, वाकून करायचे काम होते तिथेच राहिले.

कापणीचे यंत्र निघालेच नाही, असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. ते ट्रॅक्टरच्या कितीतरी आधीचे आहे. अमेरिकेत सायरस मॅककॉर्मिक याने १८३१ साली घोड्याने ओढायचे कापणीयंत्र शेतात चालवून दाखवले आणि १८३४ साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्या घराण्याचा कारखाना आणि इतर काही कारखाने एकत्र येऊन १९०२ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी झाली. याच कंपनीशी महिंद्रांनी १९६३ साली भागीदारी केली आणि पुढे बी-२७५ ट्रॅक्टर आपल्याकडे बनू लागला. ज्यांनी कापणीयंत्रावर नाव कमावले त्यांचा ट्रॅक्टर आपल्या दारात आला. कापणीयंत्र मात्र मागेच राहिले, कारण ट्रॅक्टर नांगर आणि ट्रॉली ओढण्यासाठी विकला गेला आणि आपणही तेवढ्यासाठीच घेतला.

याची किंमत कोरडवाहू भाग मोजतो आहे. सिन्नरच्या पूर्वेकडे, वावी-पांगरीच्या बाजूला, पाऊस बेताचा. तिथे ज्वारी म्हणजे घरची भाकरी आणि जनावरांचा कडबा. पण तरणी पोरे माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांत जातात आणि काढणीच्या दिवसांत मजुरांना गहू-कांदा आधी बोलावतो. मजूर मिळत नाही म्हणून ज्वारी नको, ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून जनावर बाजारात. २०२३ साल जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. ज्वारीचे गुण सगळ्यांनी सांगितले. ती कापायची कुणी, हे कुणी सांगितले नाही.

आता मुद्द्यावर येतो. कुणाच्या गोठ्यामागे, कुणाच्या जुन्या वाड्यात ट्रॅक्टरच्या बाजूला लावायचा जुना कटरबार पडलेला असेल. भंगारवाला तो किलोवर मागतो. आमचे म्हणणे एवढेच की जोडून पाहिल्याशिवाय तो विकू नका. जुन्या ट्रॅक्टरलाही तो चालतो, कारण त्याला ताकद फार लागत नाही. लागते ती नीट जोडणी.

पहिली गोष्ट, पी.टी.ओ.चा वेग. हे यंत्र मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनलेले असते. इंजिनाच्या कोणत्या वेगाला ५४० फेरे मिळतात ते पाहून तिथे खूण करा. दुसरी, लिंकेजच्या पिना. छिद्र मोठे आणि पिन बारीक असेल तर बार डुलतो. योग्य बुश घाला आणि बाजूच्या साखळ्या ताणून बांधा. तिसरी, बाराचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा थोडे पुढे हवे, फुटाला पाव इंच या हिशेबाने. पाच फुटी बाराला सव्वा इंच. चालताना पिकाच्या रेट्याने बार मागे ढकलला जातो आणि मग सरळ येतो. चौथी, पाते दोन्ही बाजूंना पूर्ण सरकले की प्रत्येक तिकोनी पाते बोटाच्या बरोबर मध्ये यायला हवे. तसे येत नसेल तर पिक कापले जात नाही, चावले जाते. पाचवी, पाते ढकलणारा दांडा जुन्या यंत्रात लाकडी असतो. तो कच्चेपणा नव्हे. पाते दगडात अडकले तर स्वस्तातला दांडा मोडावा आणि महागाचे यंत्र वाचावे, म्हणून तो लाकडी. त्या जागी लोखंडी गज वेल्ड करू नका. बार दगडाला लागल्यावर मागे फिरावा म्हणून जी कळ असते, तीही वेल्डिंगने बंद करू नका. आपल्या वावरात दगडांची कमी नाही.

जुन्या ट्रॅक्टरला एकच क्लच असतो. क्लच दाबला की चाकाबरोबर पी.टी.ओ.ही थांबतो. त्यामुळे पाते तुंबल्यावर गाडी थांबवून पाते फिरते ठेवायचे असेल तर गिअर काढावा लागतो. म्हणून पहिल्यापासून हलक्या गिअरमध्ये चाला.

आणि एक गोष्ट सगळ्यांत आधीची. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. उपरणे, पदर, धोतराचा सोगा शाफ्टमध्ये गेला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवर झाकण नसेल तर यंत्र वावरात नेऊ नका. अडकलेला कडबा काढायचा तर इंजिन बंद, किल्ली खिशात. मळणीयंत्रांत माणसांचे हात गेले, त्यानंतर १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. पुन्हा कुणाचा हात गेल्यावर शहाणे व्हायला नको.

हे यंत्र सगळे करते असे आम्ही सांगणार नाही. कपाशीवाल्यांनी पऱ्हाटीत ते घालू नये. लाकडासारख्या खोडाने पाती मोडतील. उंच मालदांडी कणसासकट आडवी पाडली तर दाणे मातीत जातील. उभ्या ज्वारीची कणसे आधी खुडून घ्यावीत, मग कडबा कापावा. हिरवा चारा, घास, गवत यांत तर ते उत्तम चालते. पेंढ्या बांधायला माणसे लागतातच, म्हणून मजूर बायांची रोजी जाईल ही भीती पूर्ण खरी नाही. ज्वारी पेरलीच नाही तर मात्र खुडणीचीही रोजी जाते आणि बांधणीचीही.

हिशेब करून पाहा. पाच फुटी बार, ताशी चार किलोमीटर चाल, म्हणजे तासाला दीड एकर. वळणे, दगड, तुंबणे धरले तरी एक एकर. एका गावाला एक बार पुरतो, प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. अनुदान मागायला गेलात तर नव्या यंत्राचे बिल मागतील. जुने दुरुस्त करायचे ते आपल्यालाच. पण माळेगावच्या वसाहतीत दिवसभर लेथवर उभा राहणारा पोरगा आपल्याच घरातला आहे. दुसऱ्याच्या कारखान्याचे सुटे भाग तो बनवतो, गावाच्या यंत्राची पिन आणि बुश त्याला अवघड नाही.

तेव्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात : गावात जुने बार किती, त्यांना चालतील असे ट्रॅक्टर कोणते, आणि लेथ-वेल्डिंग जाणणारी पोरे कोण. ज्या बाया ज्वारी काढतात त्यांना बैठकीला घेऊन या. यंत्र कुठे लागते ते त्यांच्या कमरेला ठाऊक आहे.