सुट्टी कुलूप उघडेपर्यंतच!

रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हा केसांत गणपतीपुळ्याचं खारं वारं होतं. मनमाड सुटलं आणि खिडकीतून झळा यायला लागल्या. मावशीची मंडळी मनमाडलाच उतरून एसटीने धुळ्याला गेली, आम्ही जळगावला उतरलो. मे महिन्यातलं जळगाव कसं असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चार दिवसांचा सगळा समुद्र प्लॅटफॉर्मवरच वाळून गेला.

फिरायला जातानाचे रील्स सगळेच टाकतात. परतल्यावरचं रील कुणी टाकत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. बॅग उघडली की आधी वाळू. चपलेत वाळू, चार्जरच्या पिनमध्ये वाळू, न घातलेल्या शर्टाच्या खिशातही वाळू! ओल्या टॉवेलला असा वास की बॅग परत बंद करावीशी वाटावी. कोकमाच्या बाटलीचं झाकण सैल झालेलं आणि माझा एकुलता एक पांढरा कुर्ता जांभळा. नाकाची सालं निघतायत. शेजारचे विचारतायत, ‘काय आणलं?’ धुळ्याहून आजीचा फोन, ‘पोचनात का रे घर?’

कूलर लावावा, तर त्यात पाणी नाही. नळाला रोज पाणी येत नाही, ठरलेल्या दिवशी येतं. आमच्या गल्लीचा तो दिवस आम्ही समुद्रात डुंबत असतानाच येऊन गेला होता. टाकीत तळाशी थोडंसं पाणी आणि धुवायला चार जणांचे चार दिवसांचे कपडे.

अशा वेळी मी काय केलं? पंख्याखाली आडवा झालो आणि स्टोरी टाकली, ‘बॅक टू रिअ‍ॅलिटी.’ खाली रडका इमोजी.

आईने ती स्टोरी पाहिली. (आया सगळ्या स्टोऱ्या बघतात, फक्त लाइक करत नाहीत.) मोरीतूनच म्हणाली, “तुझी रिअ‍ॅलिटी पलंगावर आहे रे. माझी इथे, मोरीत.”

ती चिडून बोलली असती, तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण ती हसत बोलली, म्हणून जास्त लागलं.

रात्री तिच्या मोबाइलमधले फोटो माझ्या मोबाइलमध्ये घेत होतो. समुद्राचे फोटो होते, पण मोजके. बाकी काय होतं? दाराशी आलेला चहाचा ट्रे. नाश्त्याच्या टेबलावर कुणीतरी आणून ठेवलेली गरम घावनांची ताट. आणि आम्ही फिरून येईपर्यंत कुणीतरी आवरून ठेवलेल्या पलंगाचा फोटो. मी विचारलं, “पलंगाचा फोटो कशाला काढला?” ती म्हणाली, “मी न आवरता आवरलेला होता ना, म्हणून.”

मला एकदम आखाजी आठवली. आपल्या खान्देशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळी खातात. शेतातल्या सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं आणि नवं तिथूनच धरलं जातं. म्हणजे वर्षभर दुसऱ्यासाठी राबणाऱ्या दोघांना आपल्या कॅलेंडरने एकत्र सुट्टी दिली होती. माझी आई आता आखाजीला माहेरी जात नाही. माझा क्लास, बाबांचं ऑफिस, काही ना काही असतंच. मग तिचं माहेर म्हणजे ते रिसॉर्ट. फरक एवढाच की माहेरी निदान कुणी ‘माझा चार्जर कुठे ठेवला?’ असं विचारत नाही.

हा फक्त आमच्या घरचा प्रश्न नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामाचा हिशेब आहे. दिवसभरात असं काम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. त्यातही स्त्रियांची सरासरी रोज २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. हा साध्या दिवसाचा हिशेब झाला. ट्रिपहून परतल्याच्या दिवसाचा कुणी काढला, तर आपण तोंड लपवू.

दुसरा एक अभ्यास नेदरलँड्सचा, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. दीड हजारावर लोकांना विचारल्यावर दिसलं की ट्रिपचा आनंद जास्त असतो तो जाण्याआधी. परतल्यावर बहुतेक जण न गेलेल्यांइतकेच खूश किंवा नाखूश. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली, त्यांचाच आनंद परतल्यावर थोडे दिवस टिकला. आता जिची सुट्टी दाराचं कुलूप उघडताक्षणी संपते, तिचा आनंद किती टिकणार?

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘आईच करू देत नाही.’ खरं आहे, माझीही आधी नाहीच म्हणाली. पण आपण ‘मी करू का?’ असं विचारतो, तेव्हा तिने नको म्हणावं हीच मनातून इच्छा असते. बाहेर मित्राने बिल देऊ नये म्हणून आपण कसे काउंटरवर धावतो? तसं मोरीकडे धावलेलं मी तरी कुणाला पाहिलं नाही. मलाही नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. परतीचा दिवस ट्रिपमध्येच धरा. कॉलेज सोमवारी असेल तर शनिवारीच घरी या. निघण्याआधी पाण्याचा दिवस कोणता ते बघा, शेजारी किल्ली ठेवा, पिंप भरून ठेवा. पहिल्या रात्री स्वयंपाकाला सुट्टी, शेवभाजी पार्सल. आपली बॅग आपण उपसायची, आपली वाळू आपण झाडायची. आणि हे ‘आईला मदत’ म्हणून नाही. वाळू आपणच आणलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती स्टोरी डिलीट केली आणि झाडू घेतला. कोपऱ्याकोपऱ्यातून इतकी वाळू निघाली की सुपडी भरली. आई चहाचा कप घेऊन खुर्चीत बसली होती. म्हणाली, “कपाटाखालची राहिली.”

राहिली होती. परत वाकलो.